सुग्रीवचा तापकाटा

पूर्णा जंक्शनच्या मालधक्क्यामागून नदीकडे जो उतार जातो, तिथं लढाईच्या वर्षांत माणिकरावांचा मुठींचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांबट शेड. एका अंगाला लाख वितळवायच्या भट्ट्या, मधे दाबाचे साचे, आणि पार टोकाला, खिडकीच्या उजेडात, सुग्रीवचं टेबल. किटल्यांच्या मुठी, झाकणांची बोंडं, विजेच्या बटणांचे तळ असा काळा चकचकीत माल तिथं निघे. लढाईमुळं विलायती बेकेलाइट येईनासं झालं, तेव्हा माणिकरावांनी लाखेत पाटीच्या दगडाची भुकटी मिसळून तसाच दिसणारा माल काढला होता. गावातली माणसं त्या सगळ्याला कचकडंच म्हणत.

सुग्रीव ताडकळसचा. घरची थोडी कोरडवाहू जमीन आणि भाऊ पुष्कळ. लहानपणी बैल बुजले, हा गाडीवरून पडला, डावा हात कोपरात मोडला आणि बांधणाऱ्यानं जसा बांधला तसा वाकडाच बसला. औत धरायला दोन्ही हात लागतात. भाऊ काही वाईट नव्हते, पण पेरणीच्या दिवसांत धाकटा सहज बोलून जाई, "दादा, तुमी बसा सावलीला. तुमच्यानं व्हायचं न्हाई." ते 'बसा' ऐकलं की सुग्रीव बांधावरच्या सावलीत जाऊन बसे. लग्न झालं, झुंबरबाई घरात आली, तरी ते 'बसा' काही सुटलं नाही. तिच्यादेखत ऐकावं लागे, एवढाच फरक.

त्याला तिथून बाहेर काढलं ते चंद्रभाननं. चंद्रभान त्याच्याच आळीतला, पूर्णा स्टेशनवर चहा विकणारा. माणिकरावांना तपासणीसाठी माणूस हवा होता. चंद्रभान त्यांना म्हणाला, "मालक, हात एकच चालतो, पण नजर दोघांची हाय. आन् चार जमाती शिकलेला हाय, आकडे वाचतो." माणिकरावांनी बोलावून घेतलं.

काम होतं तापकाट्याचं. मुंबईच्या कुठल्याशा बंद पडलेल्या प्रयोगशाळेच्या लिलावात माणिकरावांनी ते यंत्र घेतलं होतं. त्याचं इंग्रजी नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून कारखान्यात त्याला तापकाटा म्हणत. एक तांब्याचं खोल भांडं, त्यात तेल आणि ताप दाखवणारी पाऱ्याची कांडी, खाली स्टोव्ह. तेलात बुडालेली एक लहानशी बैठक. तिच्यावर मालाचा तुकडा ठेवायचा आणि त्यावर पोलादी सुई टेकवायची. सुई एका लांब दांडीच्या टोकाला होती, दांडी पितळेच्या नळीतून वरखाली सरके आणि तिच्या डोक्यावर वजन बसे. तेल तापत गेलं आणि तुकडा मऊ पडला, की वजनानं सुई आत रुते आणि बाजूच्या तबकडीवरचा काटा हले. उकळत्या पाण्याइतका ताप होईपर्यंत काटा हलला नाही, तर तो घाणा, म्हणजे भट्टीतून एका वेळी निघालेला सगळा माल, पास. त्याआधी हलला तर सगळा घाणा पुन्हा भट्टीत. स्टेशनांवरच्या चहावाल्यांना मुठी पुरवायच्या, तर ही तपासणी हवीच, असं रेल्वेच्या चहाच्या कंत्राटदारानं माणिकरावांना बजावलं होतं.

या कामाला एक हात पुरत होता. सुग्रीव स्टुलावर बसे, नजर तबकडीवर, आणि त्याच्या मागं मुठींनी भरलेल्या पाट्या त्याच्या शब्दाची वाट पाहत थांबलेल्या असत. "पास" म्हणाला की उचलत. "न्हाई" म्हणाला की खुद्द माणिकरावही काही बोलत नसत. जन्मात पहिल्यांदा त्याचं बसणं कामाचं झालं होतं.

स्टेशनकडून जाताना हमाल हाक मारत, "काय सुग्रीवराव, आज काय तळलं? भजी का कुरडया?"

"मुठी तळल्या. दात बळकट असले तर ये खायला," असं म्हणून हा पुढं जाई, आणि मनातून सुखावे.

तापकाट्यावर त्याचा जीव होता. यंत्राबरोबर पातळ तेलाची एक लहानशी डबी आली होती, दांडीला लावायला. ती लढाईच्या दुसऱ्या वर्षी संपली. नवी मिळण्याचं नाव नव्हतं. पण लोखंड कोरडं ठेवायचं, हे शेतकऱ्याच्या पोराला कसं सहन व्हावं? त्याचे वडील शेतातून आले की आधी विळ्या-खुरप्याला तेलाचं बोट फिरवत आणि मग स्वतःचे पाय धूत. सुग्रीवनं ताडकळसच्या घाण्यावरून करडईचं तेल आणलं. रोज संध्याकाळी काम संपलं की तो फडकं तेलात बुडवी, दांडी वरपासून खालपर्यंत पुसून काढी, नळीत दोन थेंब सोडी आणि यंत्रावर पंचा झाके. खंडेनवमीला झुंबरबाई येई, यंत्राला हळदकुंकू वाही, झेंडूची माळ घाली आणि आपल्या हातानं चांगलं ओघळेपर्यंत तेल सोडी. "खाऊ द्या पोटभर," म्हणे. "तुमाला ह्यानंच बसवलंय खुर्चीवर."

"खुर्ची न्हाई, स्टूल हाय."

"आमाला तेच सिंव्हासन."

भट्टीवर भुजंग होता. लाखेच्या बांगड्या करणाऱ्या घरातला, लाखेची नस जाणणारा. पण त्या साली लाख मिळेना, मिळाली तर केराकाड्यांसकट. माणिकरावांना माल तर दुप्पट हवा. भुजंगनं लाखेत राळ वाढवून पाहिली. राळ स्वस्त, पण उन्हाला चिकट होणारी. म्हणून तो प्रत्येक वेळी नमुना घेऊन सुग्रीवकडे येई.

"बघ बाबा, चालंल का? तुझा काटा हलला तर राळ कमी करतो."

काटा हलत नसे. भुजंग पुढच्या खेपेला आणखी राळ घाली. काटा तरीही हलत नसे.

"आपली भुकटी लय चांगली हाय, दुसरं काय," भुजंग म्हणे. सुग्रीव मान डोलावी. पूर्वी महिन्यातून एखाददुसरा घाणा परत जाई, आता एकही जात नाही, याचा दोघांना अभिमानच वाटत होता.

उन्हाळ्याच्या तोंडाला एका सकाळी हिंगोलीची गाडी लागली होती. चंद्रभाननं शेगडीवरून मोठी किटली उचलली आणि डब्यांच्या कडेनं "गरम चाय" करत निघाला. चार पावलं गेला असेल नसेल, हातातली मूठ गुळासारखी दबली, तार निसटली आणि उकळता चहा त्याच्या पायावर सांडला. पाऊल घोट्यापासून सोललं. मूठ तळहाताला चिकटून राहिली होती, ती ओढून काढावी लागली.

दुपारपर्यंत ती मूठ माणिकरावांच्या हातात आली. काळ्या कचकड्यात चंद्रभानची चार बोटं उमटली होती, ओल्या मातीत उमटावीत तशी.

माणिकरावांनी ती सुग्रीवच्या टेबलावर ठेवली. "तपास."

सुग्रीवनं त्याच मुठीचा तुकडा कापला, बैठकीवर ठेवला, दांडी बोटानं दाबून सुई टेकवली, वजन चढवलं. सगळा कारखाना मागं उभा. तेल तापलं. पारा चढत चढत उकळत्या पाण्याच्या खुणेपर्यंत गेला. काटा जागचा हलला नाही.

सुग्रीव वळून म्हणाला, "मालक, मूठ पास हाय."

"मग ही बोटं?"

"किटली जाळावर कलती ठेवली आसंल. मुठीला जाळ लागला तर लोखंडबी वाकतं."

हेच तो संध्याकाळी चंद्रभानच्या खोलीवर जाऊनही बोलला. बोलायला नको होतं. चंद्रभान खाटेवर पाय लांब करून पडला होता, पायावर कसलासा पांढरा लेप होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"सुग्रीवा, मी किती वर्सं किटली उचलायलोय?"

"तसं न्हाई रे..."

"कसं मग? हा पाय बघ. ह्यो खोटं बोलायलाय का तुझा काटा?"

सुग्रीव उठला. दारात चंद्रभानची बायको केशरबाई पाण्याची कळशी घेऊन उभी होती. तिनं वाट सोडली, पण नेहमीसारखं "बसा की भावजी" म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी परभणीहून निरोप आला, तिकडेही दोन चहावाल्यांच्या मुठी मऊ पडल्या होत्या. माणिकराव व्यापारी माणूस, त्यांनी गणित मांडलं. काटा म्हणतो माल चांगला, आणि बाहेर माल वाईट. म्हणजे तपासायला एक जातं आणि साच्यात दुसरंच. आणि हे कोण करू शकतो? भट्टीवरचा माणूस. लाख विकत असेल बाहेर, राळ भरत असेल इथं. त्यांनी भुजंगला सगळ्यांसमोर सांगितलं, "बाजाराच्या दिवशी हिशेब घे आणि चालता हो. पोलिसात देत नाही, एवढे उपकार समज."

भुजंग सुग्रीवच्या टेबलाशी आला. मोठा आडदांड माणूस, पण आवाज बसला होता. "तू तरी सांग त्यांना. मी राळ घातली, चोरून न्हाई घातली. तुझ्या काट्याला विचारून घातली."

"काट्यानं पास केली ती, भुजंगा. मी तरी काय सांगू?"

"मंजे चोर मीच?"

सुग्रीव तबकडीकडे पाहत राहिला. भुजंग चोर नाही, हे त्याला ठाऊक होतं. चंद्रभान खोटं बोलत नाही, हेही ठाऊक होतं. मग राहिलं कोण? त्या प्रश्नाच्या तोंडाशी गेला की त्याचं मन लगाम खेचल्यासारखं मागं फिरे. कारण काटा खोटा निघाला तर सुग्रीव कोण? पुन्हा ताडकळस, पुन्हा बांधावरची सावली, पुन्हा "दादा, तुमी बसा."

बाजाराच्या आदल्या दिवशी तो दुपारी जेवायला घरी आला, तर झुंबरबाई मागच्या दाराशी वरवंटा घेऊन उभी. दाराच्या कडीला ठोके घालत होती.

"काय चालवलंय?"

"तुमची करणी निस्तरायलेय. दसऱ्याला कडीला तेल पाजलंवतं ना, सरकायला सोपी जावी म्हणून? आता बघा की! डिंक लावल्यावानी बसलीया. तेल न्हाई, सरस हाय नुसता."

"करडईचं तेल हाय ते, चांगलं."

"खायला चांगलं. कढईच्या काठाला वाळलेलं मी रोज दगडानं खरडते, मला शिकवायलात? विहिरीच्या मोटा करणारे काय उगाच हेच तेल आटवून कातड्याला फासतात? वाळलं की पाणीबी आत सोडत न्हाई ते." तिनं आणखी एक ठोका घातला. कडी कणभर सरकली, तिच्या पोटावर पिवळसर तांबूस थर चकाकला.

सुग्रीवनं त्या थराला नख लावलं. नख निसटलं. तो तसाच उभा राहिला.

"आता काय झालं? ताट वाढलंय."

"झाक," म्हणाला आणि उलट्या पावली कारखान्याकडे निघाला.

जेवणाची सुट्टी होती, शेडमध्ये कुणी नव्हतं. त्यानं यंत्रावरचा पंचा काढला. बैठकीवर काहीच ठेवलं नाही. दांडी वर उचलली. उचलताना ती जड लागली, आणि आता त्याच्या ध्यानात आलं, ती कित्येक महिने अशीच जड लागत होती. त्या जडपणाला आपण दणकटपणा समजत होतो. त्यानं डोक्यावर वजन ठेवलं आणि हात काढून घेतला.

सुई खाली आली नाही.

खाली तुकडा नव्हता, काही नव्हतं. सुई नुसती अधांतरी उभी होती, आणि तबकडीवरचा काटा आपला शांत. सुग्रीवनं स्टोव्ह पेटवला. पारा चढला, उकळत्या पाण्याच्या खुणेवर गेला, पुढं गेला. काटा हलला नाही. तापकाट्यानं त्याच्या डोळ्यांदेखत हवासुद्धा पास केली.

रोज संध्याकाळचं ते फडकं, ते दोन थेंब, खंडेनवमीची ती धार, सगळं नळीत थरावर थर वाळत गेलं होतं. रागावं तर कुणावर? त्यानं यंत्राची हेळसांड केली असती, तर ते खरं बोलत राहिलं असतं.

तो माणिकरावांच्या घरी गेला तेव्हा ते झोपाळ्यावर पान जुळवत होते.

"मालक, भुजंगाची चूक न्हाई. काटा चिकटलाय. मीच चिकटवला."

माणिकरावांना समजायला वेळ लागला. मग त्यांनी पानाचं तबक बाजूला सरकवलं आणि आसपास कुणी आहे का, ते मान वळवून पाहिलं. "किती दिवसांपासून?"

"ते आता कसं कळावं? लढाईच्या दुसऱ्या वर्षापासून करडईचं तेल लावायलोय. एकही घाणा परत गेला न्हाई तेव्हापासून धरा."

"म्हणजे गेलेला सगळा माल..." ते थांबले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघ सुग्रीवा. आज शेड बंद करून तो साफ कर. राख लाव, लिंबू लाव, काय वाट्टेल ते लाव. उद्यापासून नीट तपास. भुजंग जातोय, लोक म्हणतील चोर गेला, माल सुधारला. तुझंही नाव राहील, माझंही राहील. कळलं?"

सुग्रीवला कळलं. इतकी सोपी वाट त्याच्यासमोर कुणी आजवर मांडली नव्हती. स्टूल राहत होतं, 'पास' म्हणणं राहत होतं. त्यानं खाली पाहिलं तर आपल्या डाव्या हाताची बोटं आपसूक मुठीसारखी वळली होती, आणि त्याला त्या काळ्या कचकड्यातली चंद्रभानची चार बोटं दिसली.

"मालक, त्या मुठी अजून किटल्यांना हायेत."

"मग?"

"उन्हाळा यायलाय. चंद्रभानचा पाय सोलला. उद्या एखाद्या लेकराच्या अंगावर किटली पडंल." तो एक पाऊल पुढं आला. "मला काढा. गाडीला बसून गावाकडं जातो. पण भुजंगाला चोर म्हणून न्हाई काढायचं. त्यानं काट्याला विचारलं, काट्यानं फसवलं. आन् काट्याला मी फसवलं."

माणिकरावांनी पाय टेकून झोपाळा थांबवला. मग चिडूनच म्हणाले, "तुला काढलं तर मुठी ओळखणार कोण? जा, भुजंगला घे. दोघं मिळून स्टेशन स्टेशन फिरा आणि बदलून द्या सगळ्या. नुकसान माझं, पायपीट तुमची. आणि कुणी विचारलं तर सांग, काय सांगायचं ते सांग आता! माझ्यासमोरून जा आधी."

पहिली खेप चंद्रभानच्या खोलीवर होती. सुग्रीव उंबऱ्यातच उभा राहिला. मागं भुजंग, खांद्यावर नव्या मुठींची झोळी. या मुठींत राळ नव्हती आणि त्या घासलेल्या, कोरड्या काट्याखालून गेल्या होत्या.

"चंद्रभान, तुझा पाय खरा हाय," सुग्रीव म्हणाला. "काटा खोटा होता. तेलानं चिकटला होता. मी बैठकीवर काहीच न ठेवता बघितलं, तरी पास केलं त्यानं."

"काहीच न ठेवता?"

"हां. नुसती हवा."

चंद्रभाननं एकदा भुजंगकडे पाहिलं, एकदा सुग्रीवकडे. त्याच्या तोंडावर राग होता, तो तिथंच होता, पण त्याच्या कडेकडेनं हसू फुटायला लागलं. "केशर, ऐकलंस का? ह्या गड्यानं हवा पास केली! पूर्ण्याची हवा आता कुठंबी विकायला मोकळी!"

भुजंग खो-खो हसला. सुग्रीव हसला नाही. तो खाली बसला आणि किटलीची जुनी मूठ काढायला लागला. एका हातानं तार सुटेना. चंद्रभाननं खाटेवरून वाकून किटली धरली. केशरबाई आत गेली आणि जरा वेळानं म्हणाली, "चहा टाकलाय. बसा की भावजी."

पुढं दोघं मिरखेल, परभणी, चुडावा, बसमत अशा सगळ्या स्टेशनांवर फिरले. सुग्रीव प्रत्येक चहावाल्याला तीच हकिगत सांगे. कुणी शिव्या दिल्या, कुणी हात जोडले, एकानं जुनी मूठ त्याच्या अंगावर फेकली. चंद्रभानचा विनोद मात्र त्यांच्याही आधी गाडीनं पोचलेला असे. स्टेशनवर उतरले की हमाल विचारत, "हवा पास करणारे ते तुमीच का?" सुग्रीव म्हणे, "मीच." हे नाव त्याला जन्मभर चिकटलं. करडईच्या तेलासारखंच, असं तो स्वतःच म्हणे.

चंद्रभानचा पाय भरून आला, पण पाऊल थोडं ओढतच राहिलं. गाडी लागली की तो पूर्वीसारखा डब्यांच्या कडेनं धावू शकत नसे. सुग्रीव संध्याकाळच्या गाडीला रोज स्टेशनवर जाई आणि त्याची दुसरी किटली आपल्या चालत्या हातानं घेऊन निम्म्या डब्यांना फिरवी.

तापकाट्याशी त्याचं वागणं त्या उन्हाळ्यापासून बदललं. सकाळी आला की तुकड्याला हात लावायच्या आधी तो बैठक रिकामी ठेवून दांडी उचले, वजन चढवी आणि सोडून देई. सुई तळाला 'टक' करून आपटली की मगच स्टोव्ह पेटे. भट्टीवरून भुजंग ओरडे, "हवा नापास झाली का रे?" आणि सुग्रीव उत्तर देई, "झाली, झाली. आण आता तुझं."

त्या वर्षीच्या खंडेनवमीला झुंबरबाई नेहमीसारखी ताट घेऊन आली. साच्यांना तेल लागलं, कुंकू लागलं, भट्टीच्या चिमट्यांना लागलं. मग ती तापकाट्यापाशी आली आणि सवयीनं तिचं बोट तेलात गेलं. सुग्रीवनं तिचं मनगट धरलं.

"याला नको."

"सणाच्या दिवशी? उपाशी ठेवायचं?"

"कोरडंच ऱ्हाऊ दे. फुल वाहा."

तिनं क्षणभर त्याच्या तोंडाकडे पाहिलं, बोटावरचं तेल आपल्याच केसांना पुसलं आणि झेंडूचं एक फूल काढून तांब्याच्या भांड्याच्या काठावर ठेवलं. सुग्रीवनं दांडी उचलली आणि हात काढून घेतला. दारात लंगडत येऊन उभ्या राहिलेल्या चंद्रभानलाही ऐकू गेलं, इतकं स्पष्ट 'टक' वाजलं.